रीमास्टर केलेले प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम: कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत?

खाडीकाठ (कळवा)

सत्तरच्या दशकातला बहुतेक प्रत्येक गाजलेला प्रॉग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) अल्बम आता निदान दोन-तीनदा नव्याने निघालाय. तिसावं वर्ष, चाळिसावं वर्ष, पन्नासावं वर्ष. दर वेळी नवा खोका, नवं जाड पुस्तक, आणि आतलं संगीत म्हणे 'पूर्वी कधीच ऐकलं नसेल असं'. यातलं खरं किती आणि वेष्टन किती, हे इथल्या लोकांनी स्वतःच्या कानांनी काय ठरवलंय ते वाचायचंय. यूट्यूबवरच्या समीक्षकांची मतं नकोत, ती पाठ झालीत.

गाडी भरकटू नये म्हणून एक गोष्ट आधीच. दोन वेगळी कामं एकाच स्टिकरखाली विकली जातात. रीमास्टरमध्ये शेवटची दोन चॅनलची स्टिरिओ टेप घेऊन तिची पातळी आणि खर्ज-तीव्र यांचा तोल बदलतात. तिथे गिटार एकटी पुढे आणता येत नाही, कारण ती ड्रम्समध्ये कायमची मिसळून गेलेली असते. रीमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेपा (ज्यांवर वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात) काढतात आणि प्रत्येक वाद्य कुठे, किती, हे पहिल्यापासून ठरवतात. नाटक तेच, नट तेच, प्रकाशयोजना नव्या माणसाची.

माझं मत सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं. जिथे मूळ रेकॉर्डिंगनेच संगीताला दगा दिला तिथे रीमिक्स हवाच. जिथे मिक्सिंग हाच रचनेचा भाग आहे तिथे हात लावू नये.

पहिल्याचं उदाहरण जेथ्रो टलचा 'अ‍ॅक्वालंग', १९७१. लंडनमधल्या बेसिंग स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चमध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीने नवाकोरा स्टुडिओ उभारला होता. खालच्या छोट्या खोलीत लेड झेपलिनचा चौथा अल्बम चालू, आणि टलच्या वाट्याला आलेल्या मोठ्या खोलीत काही केल्या आवाज बसेना. सगळा अल्बम जाड पडद्यामागून ऐकल्यासारखा निघाला. पोर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने २०११ साली केलेला रीमिक्स लावा. अ‍ॅकॉस्टिक गिटारच्या तारा सुट्या होतात, गायक इयन अँडरसनचा आवाज समोर येऊन उभा राहतो. एकही नवा सूर वाजवलेला नाही.

दुसऱ्याचं उदाहरण पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. घड्याळं, गल्ल्याचा खणखणाट, एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळत जाणं, हे सगळं मिक्सिंगच्या टेबलावरच रचलं गेलंय. तिथे नवं मिक्सिंग म्हणजे नवी रचना. ती करायचा हक्क कुणाला?

ऐरोलीचा_अभियंता

धागा आवडला. एकच प्रश्न, दोन आवृत्त्या ऐकताना आवाजाची पातळी सारखी केली होती का?

हे खवचटपणे विचारत नाहीये. कानाला जरासं मोठं वाजलेलं नेहमी 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' वाटतं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून ओळखूही येत नाही, 'चांगला' म्हणून जाणवतो. नव्वदीच्या मध्यापासून रीमास्टर करणाऱ्यांनी हेच भांडवल वापरलं. डिजिटलमध्ये कमाल पातळीला छत असतं, त्याच्यावर जाता येत नाही. मग काय करायचं? लिमिटर लावून वरची टोकं दाबायची आणि बाकीचं सगळं वर उचलायचं. हळू भाग मोठा होतो, मोठा भाग तिथेच राहतो आणि ड्रमच्या घावाचं टोक बोथट होतं. तीन मिनिटांच्या नाचगाण्याला हे चालून जातं. प्रॉगचा अर्धा जीव हळू आणि मोठं यांच्यातल्या अंतरावर असतो, त्यामुळे इथे नुकसान जास्त.

फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये दोन्ही फ्लॅक फाइली (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) टाका, रीप्लेगेन चालवून पातळी सारखी करा, मग कोणती प्रत वाजतेय ते लपवणारं एबीएक्स प्लगइन लावून डोळे झाकून ओळखायचा प्रयत्न करा. माझ्या संग्रहातल्या बऱ्याच 'अप्रतिम' रीमास्टरांचा अप्रतिमपणा तिथेच गळाला. रीमिक्स मात्र लगेच ओळखू येतात, कारण तिथे खरंच काहीतरी बदललेलं असतं.

अवांतर: स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. म्हणजे इतकं दाबून-चेपून मोठी केलेली सीडी तिथे परत हळू केली जाते. दाबल्याचं नुकसान राहतं, मोठेपणाचा फायदा जातो.

जुईनगर_जंक्शन

+१. व्हॉल्यूम सारखा करा आणि मग भांडा.

घोडबंदरी

मी उलटं बोलणार आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे ज्या 'डायनॅमिक रेंज'च्या, म्हणजे हळू-मोठ्यातल्या अंतराच्या, आरत्या ओवाळता ती ऐकायची कुठे? माझ्या घरासमोर मेट्रोचे खांब, खाली ट्रक, वर शेजाऱ्यांची ड्रिलिंग मशीन. उरलेलं ऐकणं ठाणे-वाशी लोकलमध्ये. येस या बँडचा 'क्लोज टू द एज' लावून बघा ट्रेनमध्ये. सुरुवातीचं पाणी आणि पाखरं पंख्याच्या घरघरीत वाहून जातात. ते निमूट सोसलं. मधल्या हळू भागात काहीच ऐकू येत नाही म्हणून घणसोलीच्या आसपास तुम्ही आवाज वाढवता. आणि मग त्यांच्या कीबोर्डवाल्या रिक वेकमनचा तो चर्च ऑर्गन येतो. लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेटमध्ये जाऊन वाजवलेला खराखुरा पाइप ऑर्गन. कानठळ्या! शेजारचा माणूससुद्धा दचकून बघतो.

मला त्या वेळी २००० नंतरचं दाबलेलं रीमास्टरच बरं पडतं. हळू भाग ऐकू येतो, मोठा भाग कान फोडत नाही. शुद्धतावाद्यांनी नेरुळच्या बंद खोलीत बसून जरूर फ्लॅक ऐकावं. पण दाबलेली प्रत म्हणजे थेट पाप, हे मला मान्य नाही. ज्या शहरात राहतो त्या शहरात ऐकू येणारी प्रत हवी.

ऐरोलीचा_अभियंता

घोडबंदरी, मुद्दा खरा आहे, पण ते दाबणं फाइलमध्ये कायमचं का करायचं? फोनच्या प्लेअरमध्येच कंप्रेसर, म्हणजे हेच दाबायची सोय, असतो. गाडीत चालू करा, घरी बंद करा. एकदा सीडीवर चेपलं की घरीसुद्धा चेपलेलंच.

घोडबंदरी

असतो हे माहीत आहे. लावतं कोण? माझ्या फोनमध्ये ते बटण चार मेनू खाली आहे.

नौपाड्याची_मी

मला प्रॉग फार कळत नाही, नवरा ऐकतो म्हणून कानावर पडतं. पण यातलं एक दुखणं मी दुसऱ्या बाजूने ओळखते, म्हणून लिहिते.

माझ्याकडे वडिलांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या ख्यालाच्या आणि नाट्यपदांच्या सीडी आहेत. काही ठिकाणी खरखर काढायच्या नादात सॉफ्टवेअरने तानपुराच खाल्लाय. तानपुऱ्याची जवारी म्हणजे बारीक, सतत, वरच्या पट्टीतला झणकार. यंत्राला तो आणि खरखर सारखेच वाटतात. उरतो तो गायकाचा आवाज, कापसात गुंडाळल्यासारखा, खाली जमीन नाही. जुनी खरखरीत प्रत लावली की पाच मिनिटांत खरखर ऐकू येणं थांबतं, कान आपोआप ती गाळतो. गेलेला तानपुरा मात्र कान परत आणू शकत नाही.

तुमच्या रॉकमध्येही असं होतं का? टेपचा हिस, म्हणजे मागची सततची सूं-सूं, काढताना बरोबर काय जातं?

मेलोट्रॉन (वर्तकनगर)

नौपाड्याची_मी, अगदी हेच होतं, आणि माझ्या नावाच्या वाद्याबाबतच होतं. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तिच्यावर आधीच रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं किंवा बासरी साधारण आठ सेकंद वाजते. म्हणजे वाद्यालाच स्वतःचा हिस आहे. तो पुन्हा टेपवर रेकॉर्ड झाला, मग मिक्सला जाताना आणखी एक टेप. हिस पुसायला निघालात की मेलोट्रॉनचा श्वासच पुसला जातो. चांगले लोक म्हणूनच पुसत नाहीत, मूळ टेपपर्यंत मागे जातात. प्रतीच्या प्रतीची एक पिढी कमी केली की हिस आपोआप कमी.

किंग क्रिमसनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. अल्बम ऑक्टोबर १९६९ चा. पहिल्या पिढीची स्टिरिओ मास्टर टेप बरीच वर्षं सापडतच नव्हती, त्यामुळे जुन्या सीड्या प्रतीच्या प्रतीवरून निघायच्या. आपण कॉलेजात ज्या कॅसेटा ऐकल्या त्या तर त्याहून खालच्या. पुढे टेप मिळाली. २००९ मध्ये विल्सन आणि क्रिमसनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी मल्टिट्रॅकवर जाऊन नवं मिक्सिंग केलं, २०१९ मध्ये विल्सनने ते पुन्हा केलं. ड्रमर मायकल जाइल्सच्या झांजा पहिल्यांदा झांजांसारख्या ऐकू आल्या. आधी त्या कुणीतरी फोडणी देत असल्यासारख्या वाजायच्या.

पण त्याच २००९ च्या मिक्समध्ये 'मूनचाइल्ड' हे गाणं कापलंय! मूळ बारा मिनिटांचं, शेवटची बरीचशी मिनिटं तिघं जण हळू आवाजात चाचपडत वाजवतात. अनेकांना तो भाग नकोसा होतो. नव्या मिक्समध्ये तो तीनेक मिनिटांनी छोटा केला. पूर्ण रूप त्याच सीडीवर शेवटी जोडून दिलंय, हे खरं. तरी मला ते खटकतं. आवाज साफ करणं एक, आणि चाळीस वर्षांनी संपादन करणं दुसरं.

अवांतर: डिसेंबर २००९ ला पवईत आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवाला विल्सनचा पोर्क्युपाइन ट्री आला होता. आम्ही ठाण्याहून टोळीने गेलो होतो. स्टेजवर अनवाणी उभा असलेला तो विल्सन त्याच वर्षी क्रिमसनच्या टेपा सोडवत बसला होता हे तेव्हा आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

खाडीकाठ (कळवा)

मेलोट्रॉन, मूड इंडिगोला आम्हीही होतो, बहुतेक मागच्या कठड्यापाशी.

'मूनचाइल्ड'बद्दल मात्र फ्रिपला तेवढी मोकळीक द्यायला हरकत नाही. त्याचाच अल्बम, तो स्वतः शेजारी बसलेला, आणि लांब रूपही दिलंय.

मेलोट्रॉन (वर्तकनगर)

मग वर 'हक्क कुणाला' असं कशाला विचारलंत? वाजवणारा जिवंत असेल आणि हो म्हणाला तर सगळं माफ, असंच ना?

खारघर_रश

यात रश या बँडचा 'व्हेपर ट्रेल्स' कसा नाही आला अजून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रमर नील पर्टची मुलगी १९९७ मध्ये अपघातात गेली, पुढच्याच वर्षी पत्नी कर्करोगाने. बँड जवळजवळ संपला होता. तो माणूस मोटरसायकलवर हजारो मैल भटकला आणि परत आला. मग २००२ मध्ये हा अल्बम. पाच वर्षांनी रश परत, आणि आवाज कसा? करवत. सगळं छताला टेकलेलं, जागोजागी फाटणारं. हा अल्बम मोठ्या आवाजाच्या हव्यासाचा नमुना म्हणून आजही दाखवला जातो. बँडलाही ते सलत होतं. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने पूर्ण रीमिक्स केला.

आता माझी गंमत बघा. रीमिक्स निर्विवाद चांगला आहे. मागे दबलेल्या गिटारी, आवाजांचे थर, सगळं दिसतं. आणि मी तरीही २००२ चाच ऐकतो. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला पर्ट ज्या त्वेषाने ड्रम्सवर तुटून पडतो, तो आवाज फाटकाच असायला हवा. त्याच्यावर जे गुदरलं होतं ते इतक्या नीटनेटक्या खोलीत मावत नाही. नवा मिक्स ऐकताना वाटतं, कुणीतरी त्याला पाणी पाजून शांत बसवलंय.

ऐरोलीचा_अभियंता

हे वाचायला छान आहे, पण खारघर, तो फाटका आवाज कुणी दुःख मांडायला केलेला नाही. लिमिटर जास्त लागला, बस्स. अपघाताला अर्थ आपण चिकटवतो.

खारघर_रश

चिकटवला असेल. अकरा वर्षं तोच एक अल्बम उपलब्ध होता, त्यात चिकटून बसला. आता सॉल्व्हंट लावून काढू का?

नौपाड्याची_मी

खारघर_रश, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला याला चहा पाजा.

सीवूड्सचा_सीडीवाला

खर्चाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आमच्यासारखे लोक मुंबईतल्या ऱ्हिदम हाऊस या दुकानात जाऊन एकेक सीडी हातात घेऊन, तासभर घुटमळून, एकच विकत घेऊन परत यायचे. २०१६ मध्ये ते बंद झालं. आता एकेका अल्बमचा चार-पाच डिस्कांचा खोका येतो. त्यात नवा मिक्स, जुना मिक्स, ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचा) मिक्स, वाद्यांचा वेगळा मिक्स, वर अमेरिकेत निघालेल्या छोट्या सिंगलचीही प्रत. परदेशातून मागवायचा, वर सीमाशुल्क भरायचं. एकदा तर खोका आला तो कोपरा चेपून, आतल्या दोन डिस्का सुट्या होऊन घासलेल्या. कुरियरवाल्यांशी महिनाभर पत्रव्यवहार, हाती शून्य.

ज्यांना नवीन सुरुवात करायची आहे त्यांना प्रामाणिक सल्ला: विल्सनच्या रीमिक्सची साधी सीडी घ्या किंवा स्ट्रीमिंगवर ऐका. बरेचदा तो मिक्स वर वेगळी मास्टरिंगची दाबदाबी न करता तसाच दिलेला असतो, त्यामुळे सीडीसुद्धा उत्तम वाजते. ५.१ साठी पाच स्पीकर ठेवायला टू बीएचके पुरत नाही, आणि पुरला तर घरातले परवानगी देत नाहीत.

जेनेसिस या बँडबद्दल मात्र जरा सावध. निक डेव्हिसने २००७-०८ मध्ये त्यांचे १९७० पासूनचे स्टुडिओ अल्बम नव्याने मिक्स केले. 'नर्सरी क्राइम'सारखा गढूळ अल्बम त्यात खुलला हे नक्की. पण सीड्या सरसकट जोरात आहेत, दोन अल्बम लागोपाठ ऐकले की कान थकतो. माझी शिफारस: आधीच्या, नव्वदीतल्या सीड्या कुणी विकत असेल तर सोडू नका.

जुईनगर_जंक्शन

एलपीवाल्यांसाठी पण सांगा कुणीतरी. माझ्याकडे 'डार्क साइड'ची दमदमला छापलेली एचएमव्हीची भारतीय प्रत आहे, काकांकडून आलेली. कडकड आहे, कव्हरला बुरशी, तरी तिचा खर्ज २०११ च्या सीडीत मला मिळत नाही. हा भावनेचा खेळ की खरंच काही?

ऐरोलीचा_अभियंता

थोडं दोन्ही. एलपीवर खर्ज कापताना मर्यादा असतात, त्यामुळे तो वेगळ्या तऱ्हेने आकार घेतो. शिवाय तबकडीच्या आतल्या वळणांकडे जाताना तीव्र सूर मलूल आणि किंचित विकृत होतात, मग खर्ज जास्त भरदार भासतो. आणि काकांची प्रत आहे. तेवढं धरून चालू.

बुरशीचं बघा. वाशीची हवा, त्यात पावसाळा. आतलं कागदी पाकीट फेकून द्या, पॉलिथीनचं घ्या, कपाटात सिलिका जेल ठेवा, उभ्या ठेवा. रीमास्टर नंतर.

मेलोट्रॉन (वर्तकनगर)

मघाच्या हक्काच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याचं सगळ्यात अवघड उदाहरण फ्लॉइडचंच आहे. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन', १९८७. बासवादक-गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडलेला, ड्रम्स बरेचसे यंत्रावर आणि भाड्याच्या वादकांवर, कीबोर्डवादक रिक राइट जेमतेम हजर. २०१९ च्या खोक्यात त्याची नवी आवृत्ती आली. बँडचा ड्रमर निक मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले, आणि राइटची कीबोर्डं जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमधून उचलून आत बसवली. राइट २००८ मध्येच गेलेला.

ऐकायला? मूळपेक्षा कितीतरी जास्त फ्लॉइड. ऐंशीच्या दशकाचा तो चकचकीत, पत्र्यासारखा ड्रम गेला. पण हा रीमिक्स नव्हे आणि रीमास्टर तर नव्हेच. हा १९८७ मध्ये जो बँड नव्हता त्याने केलेला अल्बम आहे. खाडीकाठ, तुमच्या नियमात हे कुठे बसतं? मूळ रेकॉर्डिंगने दगा दिला होता, हे खरंच आहे की.

खाडीकाठ (कळवा)

चांगलं कोंडीत पकडलंत. माझं उत्तर असं: दुसरा अल्बम म्हणून शेल्फात ठेवीन, पहिल्याच्या जागी नाही. स्ट्रीमिंगवाल्यांनी नवा ठेवून जुना काढून टाकला तर मी रस्त्यावर येईन. खरी भीती मला तीच वाटते. रीमिक्स कितीही करा, जुनं मिळत राहिलं पाहिजे. विल्सनच्या खोक्यांत जुना मिक्स बहुधा सोबत असतो म्हणून माझा त्याच्यावर राग नाही.

याउलट 'अ‍ॅनिमल्स'. फ्लॉइडचाच १९७७ चा अल्बम, जेम्स गथ्रीने २०१८ मध्ये रीमिक्स केला, आणि पुस्तिकेतल्या मजकुरावरून वॉटर्स आणि गिटारवादक गिलमोर यांचं वाजलं म्हणून तो २०२२ पर्यंत पडून राहिला. चार वर्षं! पण काम चोख. बास आणि ड्रम्स जागेवर आले, कोरडेपणा गेला, आणि अल्बमचा कडवटपणा तसाच राहिला. 'डार्क साइड'ला हात लावू नका म्हणणारा मी, हा मात्र रोज ऐकतो.

घोडबंदरी

'अ‍ॅनिमल्स' ट्रेनमध्येही चालतो. कुत्रे ऐकू येतात.

नौपाड्याची_मी

ज्यांच्या टेपाच हरवल्या त्यांचं काय करतात?

सीवूड्सचा_सीडीवाला

काही करता येत नाही. जेंटल जायंट या बँडच्या पहिल्या तीन अल्बमांच्या सगळ्या मल्टिट्रॅक टेपा उरलेल्या नाहीत. मग विल्सनने ज्या गाण्यांच्या मिळाल्या तेवढीच मिक्स करून २०१७ मध्ये 'थ्री पीस सूट' काढला. तीन अल्बमांतलं मिळेल ते एकत्र. बाकीची गाणी जुन्या स्टिरिओ टेपवरच राहणार.

आणि टेप मिळाली तरी सरळ वाजवता येत नाही. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषतो. तशी टेप मशीनवर लावली की थर सुटून हेडला चिकटतो. मग ती मंद आचेवर, साधारण पन्नास अंशांच्या आसपास, काही तास भाजतात आणि सुकली की लगेच उतरवून घेतात. त्या टेपा नवी मुंबईत असत्या तर जुलैतच आटोपल्या असत्या.

जुईनगर_जंक्शन

हे सगळं लिहून कळणार नाही, एकत्र ऐकू या ना. माझ्याकडे रविवारी घर रिकामं आहे, जुईनगर स्टेशनपासून चालत. स्पीकर बरे आहेत. खालचे शेजारी गावाला गेलेत.

ऐरोलीचा_अभियंता

येतो. लॅपटॉप आणि डॅक (डिजिटल फाइलचा आवाज स्पीकरला देणारा डबा) आणतो. पातळी मी जुळवणार, आणि कोणता मिक्स चालू आहे ते कुणालाही सांगणार नाही. खारघर, तुम्ही 'व्हेपर ट्रेल्स'च्या दोन्ही सीड्या घेऊन या, बघू ओळखता का.

खारघर_रश

ओळखीन. हरलो तर वडापाव माझ्याकडून.

मेलोट्रॉन (वर्तकनगर)

ठाण्याहून पनवेल गाडी धरा, वाशीची धरलीत तर सानपाड्याला उतरून फिरावं लागेल. मी क्रिमसनचे २००९ आणि २०१९ दोन्ही आणतो. 'मूनचाइल्ड' पूर्ण लावणार, आधीच सांगतो. ज्यांना तेव्हा चहा करायचाय त्यांनी करावा.

नौपाड्याची_मी

नवरा येतोय. त्याच्यासोबत एक ७८ ची सीडी पाठवते, खरखरीत आणि साफ दोन्ही. अभियंतासाहेब, तीही डोळे झाकून लावा.